सुट्टीत नातेवाइकांकडे जाताना: त्या घरात बंदूक असेल तर मुलांची काळजी कशी घ्यायची?

दिवाळीच्या नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की नागपुरातले पोट्टे मामाच्या, मावशीच्या, मोठ्या बाबांच्या गावी निघतात. विहिरीला कठडा आहे का, कुत्रा चावरा तर नाही, हे आपण विचारून घेतो. बंदुकीचं मात्र कोणी विचारत नाही. मी शिक्षिका आहे, वकील नाही. पण सासर काटोलकडचं आहे आणि घरात परवान्याची दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) आहे, त्यामुळे शाळेतले पालक आणि शेजारणी या विषयावर मलाच गाठतात. त्यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हा तर अमेरिकेतला प्रश्न आहे. आपल्याकडे कोणाच्या घरी बंदूक असते?

अमेरिकेएवढ्या नसतात, हे खरंच. तिथे २०२० पासून १ ते १९ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण बंदूक हेच आहे. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगताच येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत.

तरी आपल्याच गोतावळ्यात डोळे उघडून पाहा. नरखेड, काटोल, रामटेक, पारशिवनी, उमरेड या भागात रानडुकरं आणि रोही (नीलगाय) पिकात शिरतात; पीक राखायला म्हणून काही शेतकऱ्यांकडे परवान्याची भरमार (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक) किंवा बाराबोर (काडतुसाची बंदूक) असते. कायद्याच्या १३ व्या कलमातच पीकसंरक्षणासाठी भरमारीचा उल्लेख आहे. फौजेतून निवृत्त झालेले कितीतरी जण बँकेत किंवा रोकड नेणाऱ्या गाडीवर सुरक्षारक्षक असतात आणि बंदूक स्वतःची असते. एखाद्या व्यापारी काकांकडे पिस्तूल असतं. पोलिसातला मामा असतो. जुन्या वाड्यात पणजोबांची शिकारीची बंदूक भिंतीवर टांगलेली असते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, पण बंदूक तिथेच राहिली. अशी घरं मोजकीच, पण आपलं पोरगं नेमकं त्याच घरात आठ दिवस राहणार असेल तर राज्यात एकूण बंदुका किती, या हिशोबाचा आपल्याला काय उपयोग?

विचारायचं कसं? मोठ्या बाबांना राग येईल.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बंदुकीपेक्षा लोकांना मोठ्या बाबांची भीती जास्त वाटते.

फोनवर विचारा, निघायच्या चार दिवस आधी. दारात पाय ठेवल्यावर, चार पाहुण्यांसमोर विचारलं की माणूस बचावाला उभा राहतो. फोनवर त्याला आवरासावर करायला वेळही मिळतो. आणि एकटी बंदूक विचारू नका, इतर गोष्टींच्या ओळीत बसवा. आमच्या एका शेजारणीनं केलेला फोन जवळपास असा होता:

"मोठी आई, शनिवारी येऊन राहिलो आम्ही. लहान्याला शेंगदाणे चालत नाहीत, चिवड्यात टाकू नका बरं. गच्चीचं दार लावून ठेवता का? आणि मोठ्या बाबांची बंदूक कुठे असते हो आजकाल? मोठा आता आठ वर्षांचा झाला, कपाटं उघडत फिरतो."

"कपाटातच असते वो. कोणी हात नाही लावत."

"कपाटाला कुलूप असते ना? अन् काडतुसं?"

"काडतुसं... थांब, ह्यांना विचारते."

या "थांब, विचारते" मध्येच सगळं काम झालं. मोठ्या आईला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, आणि बऱ्याच घरांत असंच असतं. बंदूक पुरुषांची, कपाट बाईचं, आणि किल्लीचा हिशोब कोणाकडेच नाही.

सगळा दोष आपल्या पोरावर टाकायचा, ही यातली हातचलाखी. "तुमच्याकडे सुरक्षित नाही" असं म्हणायचं नाही. "आमचं कार्टं आगाऊ आहे" म्हणायचं. नातवाच्या आगाऊपणाचं कौतुक असलेले आजोबा हसत हसत कुलूप शोधतात.

आणखी एक: सुनेनं सासरी विचारण्यापेक्षा मुलानं आपल्या वडिलांना विचारलं तर गोष्ट निम्म्या वेळात मिटते. माहेरी तुम्ही विचारा, सासरी नवऱ्याला फोन लावायला सांगा. हे असं असावं का, हा वेगळा वाद. तो दिवाळीनंतर घालू.

आणि तरीही ते चिडले, किंवा "आमच्या घरात आम्हाला शिकवू नका" म्हणाले तर?

तर जाऊन या, पण मुक्काम करू नका. सकाळी जा, दुपारचं जेवा, पोरं नजरेसमोर ठेवा, संध्याकाळच्या एसटीनं परत या. किंवा त्यांनाच नागपूरला बोलवा. एक दिवाळी फुगून बसतील. मला विचाराल तर ही किंमत फार नाही.

एक मधला मार्गही असतो. शस्त्र विकणाऱ्या परवानाधारक दुकानदारांपैकी काही जण शुल्क घेऊन परवान्याचं शस्त्र सुरक्षित ताब्यातही ठेवतात. घरात भरपूर पोरं जमणार असतील, लग्नघर असेल, तर पंधरा दिवस तिथे ठेवून पावती घेतलेली बरी. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारक पोलीस ठाण्यात बंदूक जमा करतातच, त्यामुळे यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. उलट, "आमची तर ठाण्यात जमा आहे" हे उत्तर मिळालं तर परत कधी येणार तेवढं विचारून घ्या. निकाल लागले की ती घरी येते, आणि आल्यावर आठवडाभर दिवाणावरच पडून असते.

त्यांनी नीट लपवून ठेवली आहे. तेवढं पुरे ना?

नाही. फराळाचे डबे तुम्ही कुठे कुठे लपवता आणि ते कसे सापडतात, हे आठवा.

२००१ साली अमेरिकेत अटलांटा इथे डॉक्टरांनी एक प्रयोग केला होता. ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोन-दोन, तीन-तीनच्या गटांनी एका खोलीत बसवलं. खोलीत एका ड्रॉवरमध्ये पाण्याची पिस्तुलं होती आणि दुसऱ्यात खरं पिस्तूल, अर्थात गोळी सुटणार नाही असं. पंधरा मिनिटांच्या आत ४८ मुलांना ते सापडलं, ३० जणांनी हातात घेतलं आणि १६ जणांनी चाप ओढला. ज्यांना सापडलं त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना ते खेळण्यातलं वाटलं किंवा नक्की कळलं नाही. आणि हातात घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना "बंदुकीला हात लावायचा नाही" हे आधी शिकवलेलं होतं.

आपल्या घरातल्या जागा तर ठरलेल्याच आहेत. गादीखाली, दिवाणात, माळ्यावर, देवघरामागच्या कोनाड्यात, साड्यांच्या कपाटात तळाशी. कपाटाला कुलूप असलंच तर किल्ली फ्रिजवरच्या टोपलीत किंवा आरशामागच्या खिळ्याला. घरातल्या प्रत्येक लेकराला ती ठाऊक असते, कारण सणाच्या दिवशी "जा रे, किल्ली आण" म्हणून त्यालाच पिटाळलेलं असतं.

"लहान आहे, त्याला चाप ओढता येणार नाही" यावरही जाऊ नका. १९९५ च्या एका अभ्यासात मुलांच्या बोटांतला जोर मोजला, तेव्हा ३-४ वर्षांच्या चारातल्या एका मुलाला बाजारातल्या अनेक पिस्तुलांचा चाप ओढण्याएवढी ताकद होती. ७-८ वर्षांच्यांत हे प्रमाण दहात नऊ होतं.

मग "नीट ठेवली आहे" म्हणजे नेमकं काय पाहायचं?

तीन गोष्टी: बंदूक रिकामी, बंदूक कुलपात, काडतुसं दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या कुलपात. आणि किल्ली मालकाच्या अंगावर किंवा फक्त त्यालाच माहीत असलेल्या जागी. हे काही माझ्या मनाचं नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना मागतानाच शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. म्हणजे मोठ्या बाबांनी हे आधीच कबूल केलेलं आहे. तुम्ही फक्त आठवण देताय.

रिकामी आहे की नाही, हे बंदुकीच्या मालकानंच पाहायचं, आपण हात लावायचा नाही. पण तो काय पाहतोय हे आपल्याला कळायला हवं.

दुनळी किंवा एकनळी बाराबोर मध्ये मोडून उघडते. उघडली की नळीच्या मागच्या तोंडातून काडतुसाचं पितळी बूड दिसतं किंवा आरपार उजेड दिसतो. उजेड दिसला तर रिकामी. आमच्या घरी सासरे हे अंगणात, नळी जमिनीकडे करून करतात, आणि मग दोन्ही नळ्यांमध्ये करंगळीचं टोक घालून बघतात. डोळ्यांवर भरोसा नाही म्हणतात, मोतीबिंदू झाला आहे.

पिस्तुलात लोक हमखास फसतात. मॅगझिन (गोळ्यांची डबी) काढलं की "खाली झालं" असं म्हणून ठेवून देतात. पण एक गोळी आधीच चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागी) चढलेली असेल तर ती तिथेच राहते, आणि मॅगझिन नसतानाही बरीच पिस्तुलं ती उडवतात. म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर बघायचं. हा क्रम उलटा केला तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये चढते.

भरमार सगळ्यात त्रासाची. तिच्यात दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून गजानं ठासून भरतात, त्यामुळे झटकन रिकामी करता येत नाही. शेतावर रात्री भरून ठेवलेली बंदूक सकाळी तशीच घरी येते आणि कोपऱ्यात उभी राहते. टोपी (दारूला ठिणगी देणारी छोटी स्फोटक टोपी) काढली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण दारू आत असेपर्यंत ती भरलेलीच समजायची. भरमार असलेल्या घरी "आत ठासलेली आहे का?" हा प्रश्न थेट विचारा, आणि दारूचा डबा व टोप्यांची डबी चुलीपासून व पोरांपासून लांब आहेत का तेही. जाणकार लोक गज नळीत सोडून, तो किती बाहेर उरतो त्यावरून आतला माल ओळखतात. हे काम त्यांचंच.

तिजोरी घेणं सगळ्यांना परवडत नाही. चापाला बसणारं कुलूप किंवा उघड्या बंदुकीतून ओवायची कुलपाची तार स्वस्तात मिळते. तेही नसेल तर लोखंडी पेटी आणि चांगलं कुलूप. काचेच्या शोकेसमध्ये ठेवलेली मात्र कुलपात असूनही कुलपात नाही, कारण काच क्रिकेटच्या चेंडूनंही फुटते.

मुलाला काय सांगायचं? सांगितलं की उलट उत्सुकता वाढेल.

उत्सुकता मोबाइलवरच्या गेमनं आधीच वाढवलेली आहे. पहिली-दुसरीतल्या मुलाला चार गोष्टी पुरतात: थांब, हात लावू नको, तिथून निघून ये, मोठ्या माणसाला सांग. गोष्ट सांगितल्यासारखं सांगा आणि करून दाखवायला लावा. घरातली लाटणी बंदूक समजून खेळवा, मजा येते त्यांना. सोबतचं भावंड "भित्रा!" म्हणालं तर काय करायचं, याचीही तालीम करा, चुलत भावानं चिडवल्यावर शिकवलेलं सगळं हवेत उडतं.

सांगितल्याबद्दल रागवायचं नाही, हे मोठ्यांनी पाळायचं. "मोठ्या बाबांच्या खोलीत कशाला गेला होतास?" हा पहिला प्रश्न असेल, तर पुढच्या वेळी लेकरू सांगायला येणारच नाही.

नववी-दहावीच्या मुलांशी वेगळं बोलावं लागतं. त्यांना कायदा सांगा: २१ वर्षांखालच्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही, नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठीची सवलत नियमांत बांधलेली आहे. "मला माहीत आहे कशी चालवतात" असं म्हणणारा पंधरा वर्षांचा मुलगा मला सहा वर्षांच्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

पण शिकवण ही दुसरी फळी. वरचा प्रयोग पुन्हा वाचा. कुलूप लावायचं काम मोठ्यांचंच आहे, ते लेकराच्या शहाणपणावर ढकलू नका.

दसऱ्याला शस्त्रपूजनात बंदूक मांडतात. मुलांना लांब ठेवायचं का?

लांब कशाला? पूजा बघू द्या, सोनं वाटू द्या. बंदूक अंगणात नेऊन मालकानं रिकामी करावी, मग पाटावर ठेवावी. दुनळी असेल तर उघडलेली ठेवावी, हळदकुंकू तशीही वाहता येते. काडतुसं पाटावर मांडायची गरज नाही. मांडलीच तर मोजून मांडा आणि मोजून उचला. पूजा झाली की आपट्याची पानं वाटायला सगळे बाहेर पडतात आणि पाट तसाच राहतो. बाहेर पडायच्या आधी ती कपाटात गेलीच पाहिजे. आमच्याकडे आता आरतीनंतर आधी बंदूक आत जाते, मग प्रसाद.

पोरांना बंदूक हातात देऊन फोटो, रील काढतात. रिकामी असते, काय बिघडतं?

बिघडतं. एक म्हणजे "रिकामी" समजून उचललेल्या बंदुकीनंच असे अपघात होतात. दुसरं, परवाना ज्याच्या नावावर आहे त्यानं ती अल्पवयीनाच्या हातात द्यायची नसते. तिसरं, शस्त्रासोबतचे रील पाहून पोलीस घरी येतात, परवान्यावर गदा येते, आणि त्या वेळी "पोट्ट्यानं हौस म्हणून टाकलं जी" हे उत्तर चालत नाही. शिवाय घरात शस्त्र आहे हे अख्ख्या गावातल्या चोरांना कळतं ते वेगळंच.

मामा पोलिसात आहेत. त्यांना तर प्रशिक्षण असतं.

त्यांना असतं, भाच्याला नसतं. ड्यूटीवरून आल्यावर पट्टा खुंटीला आणि पिस्तूल टीव्हीच्या वर, हे चित्र मी पाहिलं आहे. मामांना वेगळं काही विचारू नका, शेतकऱ्याला विचारता तेच विचारा. सरकारी हत्याराचा हिशोब वरिष्ठांना द्यावा लागत असल्यानं ते बहुधा आपणहूनच सावध असतात, आणि प्रश्नाचं वाईटही वाटून घेत नाहीत.

लग्नात हवेत गोळीबार करतात तिथे काय करायचं?

पोरांना घेऊन मांडवातून निघायचं. २०१९ च्या दुरुस्तीनं लग्नसमारंभातला असा आनंदाचा गोळीबार शस्त्र कायद्याच्या २५ व्या कलमात गुन्हा ठरवला आहे: दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात जीव गेला तर भारतीय न्याय संहितेची कलमं आणखी लागतात. वर गेलेली गोळी खाली येतेच. ११२ वर फोन करायला नवरदेवाच्या काकांची परवानगी लागत नाही.

छर्र्याची बंदूक आणि टिकल्यांची बंदूक यांचं काय? ती तर खेळणी.

टिकल्यांची बंदूक खेळणंच. डोळ्याजवळ आणि कानाजवळ उडवायची नाही आणि टिकल्यांची गुंडाळी खिशात ठेवायची नाही, एवढं सांभाळा.

छर्र्याची, म्हणजे एअरगन, खेळणं नाही. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून ती सहज मिळते आणि घरात बॅट-बॉलशेजारी पडून असते. पण त्या छर्र्यानं डोळा कायमचा जातो, आणि जवळून लागला तर त्याहून वाईटही होतं. होले आणि पोपट मारायला पोरांना ती देणारे काका अजून आहेत; पोपट कायद्यानं संरक्षित आहे, पोट्टे वाचले तरी काका अडकतील. एअरगनही कुलपात, छर्रे वेगळे, आणि चालवायचीच तर मोठा माणूस सोबत, डोळ्यांवर चष्मा, मागे मातीची भिंत.

आणि कार्बाइड गन. हिच्यावर जरा थांबते, कारण परवान्याच्या बंदुकीपेक्षा ही आपल्या पोरांच्या हातात पडण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. पीव्हीसी पाइपचे तुकडे, गॅस पेटवायचा लायटर, कॅल्शियम कार्बाइडचा खडा आणि थोडं पाणी. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू होतो, ठिणगी मिळाली की स्फोट. दोन-तीनशे रुपयांत मोठ्ठा आवाज. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशातल्या इतर शहरांत हिनं शंभराहून जास्त जणांचे डोळे भाजले, त्यात मुलंच जास्त होती, आणि काहींची दृष्टी गेली. भोपाळ आपल्यापासून एका रात्रीच्या गाडीवर आहे. इकडचे पोरं तिकडचे व्हिडिओ बघूनच तर हे बनवतात.

आवाज लवकर होत नाही तेव्हा मूल पाइपात डोकावतं, आणि नेमका त्याच वेळी तो उडतो. डोळा उष्णतेनं भाजतो, शिवाय कार्बाइडमधून तयार झालेला चुना डोळ्यात जातो आणि तो आत आत जाळत राहतो. म्हणून नातेवाइकांकडे गेल्यावर अंगणात पांढरा पाइप आणि लायटर दिसला तर जप्त करा. कोणाचं का पोरगं असेना.

आबाजी वारले. त्यांची बंदूक घरात तशीच आहे. आता?

ज्याच्या नावाचा परवाना होता तो माणूस गेला की घरात कोणालाच ती बाळगायचा हक्क उरत नाही. २१ व्या कलमानुसार उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. नंतर वारसाच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो; नागपूर शहरात पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात. आबाजी हयात असतील आणि सत्तरी ओलांडलेली असेल, तर त्यांच्या डोळ्यांदेखत वारसाकडे द्यायची सोयही २०१६ च्या नियमांत आहे.

तेराव्याच्या धावपळीत हे राहून जातं. सुतकाच्या घरी चार गावची पोरं जमलेली असतात आणि आबाजींची खोली सताड उघडी असते. तेव्हा निदान कुलूप लावून किल्ली एका जबाबदार माणसाकडे द्या.

कट्टा (गावठी पिस्तूल) किंवा विनापरवाना भरमार निघाली तर ती स्वतः पिशवीत घालून कुठे नेऊ नका, नदीत टाकू नका. एखाद्या वकिलाशी बोला आणि पोलिसांना कळवा. मुलं मात्र त्याच दिवशी त्या घरातून हलवा.

घरात कोणी खचलेलं असेल, भांडणं, दारू चालू असेल तर?

मग बंदूक त्या घरात नकोच, कुलपातसुद्धा नको. निकालानं हादरलेला बारावीचा मुलगा, कर्जात बुडालेला काका, पिऊन हमरीतुमरीवर येणारे भाऊ. अशा वेळी हाताशी शस्त्र नसणं हीच मोठी मदत असते, कारण तो झटका ओसरतो. ठाण्यात किंवा दुकानदाराकडे जमा करायला घरच्या मोठ्यांना गाठा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास चालतो, तिथे मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८.

बंदूक मुलाच्या हातात दिसली तर? आणि गोळी किंवा छर्रा लागलाच तर?

ओरडू नका, हिसकावू नका. दचकलेल्या बोटानं चाप ओढला जातो. समोरून बाजूला व्हा, शांत आवाजात "खाली जमिनीवर ठेव आणि माझ्याकडे ये" म्हणा. बाकीची पोरं बाहेर काढा.

गोळी लागली तर १०८ आणि ११२. स्वच्छ ओढणी, पंचा, जे असेल ते जखमेवर दाबून धरा आणि सोडून सोडून बघू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. छर्रे उकरायचे नाहीत, हळद भरायची नाही, पाणी पाजायचं नाही. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स ही मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. "पोलीस केस आहे, आधी ठाण्यात जा" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका: १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की आधी उपचार, कागद नंतर.

डोळ्याचं दोन प्रकारे बघायचं. कार्बाइड किंवा चुना गेला असेल तर तिथल्या तिथे नळाखाली किंवा तांब्यानं स्वच्छ पाण्याची धार धरा, पंधरा-वीस मिनिटं, मगच दवाखाना. छर्रा लागला असेल तर मात्र धुवायचं नाही, चोळायचं नाही, दाबायचंही नाही. वरून कागदी कप उलटा धरा आणि निघा. दोन्हीत गुलाबपाणी, तूप, दूध यांतलं काही घालू नका. आजी आग्रह करेल.

डिसेंबरात अमेरिकेत भावाकडे जातोय. भावाकडे नाही, पण त्याच्या शेजाऱ्यांकडे असतील ना?

असू शकतात, आणि तिथे विचारणं आपल्याइतकं अवघड नाही. मूल कोणाच्या घरी खेळायला जाण्याआधी "तुमच्या घरात कुलपाबाहेर बंदूक आहे का?" असं विचारा, अशी मोहीमच तिथे चालते आणि दरवर्षी २१ जूनला तिचा दिवस पाळतात. बालरोगतज्ज्ञही तपासणीत हे विचारतात. साठवणुकीचे कायदे मात्र प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. भावाला आधी सांगून ठेवा की पोरगं ज्या घरी खेळायला जाईल तिथे त्यानंच विचारावं. त्याला तिथली बोलायची रीत माहीत असते.

परत निघताना काही पाहायचं का?

हो, पोरांचे खिसे आणि दप्तरं. शेतातली रिकामी काडतुसं पोरांना फार आवडतात. लाल-निळी नळकांडी, पितळी बूड, शिट्टीही वाजते. त्यांच्यात एखादं न उडालेलं असू शकतं, आणि त्यावर दगड मारून बघायची हुक्की कोणालाही येते. विमानानं जाणार असाल तर आणखी नीट बघा. बॅगेत जिवंत काडतूस निघालं तर विमानतळावर गुन्हा नोंदवतात, आणि "मुलानं खेळायला आणलं" हे पटवून देईपर्यंत विमान निघून जातं. न उडालेलं सापडलं तर ज्यांची बंदूक आहे त्यांच्या हातात परत द्या, कचऱ्यात टाकू नका, कचरा पेटवतात.